कोळसा पाह्याचा राह्यला

गल्लीत पाऊल टाकलं तरी डोमाभाऊ खांद्यावरची साखळी लगेच उतरवत नसत. पहिल्या ओट्यावर जे कोणी बसलेलं असेल त्याच्यापुढं जाऊन उभे राहायचे आणि विचारायचे, "काहो, एवढ्यात लगन कोनाकडं झालं?"

उत्तर मिळेपर्यंत ते जागचे हलत नसत. मी मागं तीन पायांची फळी आणि नकाशाची गुंडाळी सावरत उन्हात उभा. मी त्यांचा साहेब, म्हणजे कागदोपत्री. वर्ध्याकडून नुकताच बदलून आलेला मोजणीदार, वय पंचवीस. ते साखळीवाले, पन्नाशी केव्हाच ओलांडलेले, गुडघ्यापर्यंत धोतर, डोक्याला पांढरा दुपट्टा. पहिल्या दिवशी मला वाटलं, बिचाऱ्याची मुलगी लग्नाची असेल, स्थळं हुडकत असेल. दुसऱ्या दिवशी वाटलं, बुंदीचा शौक असावा. तिसऱ्या दिवशी मात्र मला राहवेना.

"डोमाभाऊ, आपण जमीन मोजायला आलो की सोयरीक जुळवायला?"

"मोजाले, सायेब."

"मग हे लग्नाचं काय?"

"दगडासाठी पुसून राह्यलो."

एवढं बोलून ते पुढं चालू लागले, जणू सगळा उलगडा झाला. माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. खरं सांगायचं तर डोमाभाऊंच्या सहवासात माझा बराचसा काळ याच अवस्थेत गेला. ते सरळ बोलायचे आणि मी वाकड्या वाटेनं समजून घ्यायचो, किंवा उलटं. आजही काही गोष्टींचा मला नीट मेळ लागलेला नाही.

गाव सिंदेवाहीच्या पुढचं, छोट्या गाडीच्या स्टेशनापासून दोन कोसांवर. नाव मुद्दाम सांगत नाही, कारण त्या गल्लीतली माणसं अजून तिथं नांदतात. भोवती धानाच्या बांध्या, दोन तळी, आणि तळ्यांपलीकडे लगेच जंगल. इंग्रजांच्या अमलात कधी तरी या गावाची मोजणी झाली, तेव्हा ठिकठिकाणी चाळीसेक दगड रोवले होते. मांडीएवढे लांब, निम्मे जमिनीत, डोक्यावर छिन्नीनं कोरलेली फुली. कोणाचं घर कुठवर, गल्ली किती रुंद, सरकारी जागा कोणती, हे सगळं त्या फुल्यांपासून मोजायचं. फुली हलली की गावाचा नकाशा हलला. या दगडांची राखण डोमाभाऊंकडे होती. धान घरात आलं की ते वर्षातून एकदा प्रत्येक दगडापाशी जायचे, गवत काढायचे, चुना फासायचे, आणि एका जाड वहीत दगडाच्या आकड्यापुढं टपोऱ्या अक्षरात लिहायचे, 'जागेवर'. खाली सही, डोमाजी.

लग्नाचं कोडं मला आठवडाभरानं सुटलं. तिकडं मांडव घरापुढं, गल्लीतच पडतो. मोहाच्या, जांभळीच्या हिरव्या डहाळ्यांचा, ऐसपैस. आणि मोजणीचा दगड बरोबर पंगतीच्या मधोमध येतो. मग लोक तो उपटायचे, भिंतीशी नीट उभा करायचे, आणि नवरी सासरी गेली की पुन्हा रोवायचे. वर हळदीचं बोटही लावायचे.

"पण परत ठेवतात ना?" मी म्हणालो.

"ठेवते ना! थेच त पंचाईत आहे." डोमाभाऊ खाली बसले. "चोरानं नेला असता त बरं होतं. हरपला दगड बरा, सायेब. परत आनून ठेवला थो वाईट. हरपला थो म्हनते, मी नाई. परत ठेवला थो म्हनते, मी इथीच आहो."

मी हसलो. ते हसले नाहीत. म्हणाले, "दगड खोटं बोलत नाई. ठेवनारा बी खोटं बोलत नाई, सरकारचा दगड म्हनून जिवापाड ठेवते. मंग खोटं येते कुठून?"

मी म्हणालो, मला काय ठाऊक. ते म्हणाले, "मले बी नाई ठावूक. म्हनून पुसतो."

दगड खरा की खोटा, हे ओळखायचा त्यांच्याकडं एकच उपाय होता. जुन्या काळी दगड रोवताना त्याखाली हातभर खोल खड्डा करून कोळसा आणि फुटक्या मडक्यांच्या खापऱ्या पुरलेल्या. कोळसा कुजत नाही, त्याला वाळवी खात नाही, आणि कोळसा उचलून दुसरीकडं ठेवावा असं कोणाच्या मनातही येत नाही. ज्या गल्लीत लग्न झालं असेल तिथं डोमाभाऊ दगडाच्या बुडाशी सब्बल, म्हणजे पहार, चालवायचे, काळं दिसलं की माती लोटायचे आणि मगच वहीत लिहायचे. कोळसा दिसला नाही तर आजूबाजूला उकरून तो शोधायचे आणि दगड त्याच्यावर आणून बसवायचे.

आता या माणसाचा कडवेपणा सांगितला पाहिजे. गावच्या मालगुजाराच्या, म्हणजे जुन्या जमीनदाराच्या घरी एकदा मोठं कार्य निघालं. मांडवाची जागा आखायला त्यांनी साखळी मागवली. डोमाभाऊंनी निरोप्यालाच बसवून सांगितलं, "सरकारच्या साखळीनं मी घरची कोंबडी बी बांधत नाई. मालकाले म्हना, कागद आना." मग निरोप्या म्हणाला, निदान एक दोर तरी घेऊन चला. त्यावर डोमाभाऊ म्हणाले, "अंबाडीचा दोर अन् पाव्हन्याचं बोलनं, तानाल तेवढं वाढते." मालगुजार रागावले, पण त्यांच्या दोन मुलांत वाटणीचा वाद झाला तेव्हा त्यांनीही बोलावणं धाडलं ते डोमाभाऊंनाच. साऱ्या गावाची हीच तऱ्हा. डोमाभाऊ एखाद्या कुंपणापाशी उभे राहून "इथी" म्हणाले, की भांडण मिटलं. माझा नकाशा कोणी उघडूनही बघत नसे. याचा मला जरा राग यायचा, हे कबूल करतो.

माझ्या तिथल्या तिसऱ्या वर्षी गावच्या कमेटीनं सांडपाण्याची पक्की नाली बांधायचं काढलं. सुरुवात डोमाभाऊंच्याच गल्लीपासून. गल्ली उगवती-मावळतीची. वरच्या अंगाला डोमाभाऊंचं घर, पुढं चांगली शेणानं सारवलेली ओसरी. अगदी समोर, खालच्या अंगाला बायजाबाईचं घर. बायजाबाई विधवा, एकटी, पोहे कांडून पोट भरणारी. तिचं उखळ पडवीच्या जमिनीत पक्कं बसवलेलं. भोवतालची चार गावं तिच्याकडं धान घेऊन येत. नाली गल्लीच्या कडेनं जायची, आणि गल्लीची कड कुठं ते मी सांगायचं होतं.

मी डोमाभाऊंच्या दारापुढच्या दगडावरून मोजलं. बायजाबाईची पडवी दोन हात गल्लीत येत होती. म्हणजे उखळ जाणार. मनाला बरं वाटेना म्हणून विहिरीजवळच्या दगडावरून पुन्हा मोजलं. आता पडवी बरोबर आपल्या जागेत, आणि समोरची डोमाभाऊंची ओसरी दोन हात पुढं आलेली! मी साखळीच्या कड्या पुन्हा मोजल्या. नकाशा उलटा तर धरला नाही ना, तेही पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मोजलं, दुपारी मोजलं. प्रत्येक वेळी एक दगड म्हणे बायजाबाई चूक, दुसरा म्हणे डोमाभाऊ चूक. तिसऱ्याला विचारावं तर तिसरा दगड भातगिरणीच्या भिंतीखाली गडप झालेला. वहीत मात्र दोन्ही दगडांपुढं दर वर्षी एकच शब्द, 'जागेवर'.

"डोमाभाऊ, यातला कोणता खरा?"

ते साखळी गुंडाळत होते. म्हणाले, "पाहू, सायेब."

चार दिवस ते 'पाहू' म्हणत राहिले. एरवी दगडाचं नाव काढलं की तासभर बोलणारा माणूस खाली मान घालून साखळी पुसायचा. विहिरीचा दगड त्यांनी माझ्यासमोर उकरला, कोळसा दाखवला. आपल्या दारचा उकरूया म्हटलं की त्यांना तहान लागे, नाही तर तहसीलात काम निघे. तिकडं कमेटीची घाई. बायजाबाई पडवीत बसून मुसळ चालवायची आणि आम्ही दिसलो की थांबायची. नुसतं उखळाच्या काठावर हात ठेवायची.

पाचव्या दिवशी चहा पिताना माझ्या डोक्यात लख्ख पडलं. साऱ्या गावात, एकूण एक गल्लीत, डोमाभाऊंनी लग्नाचं विचारलं होतं. या एका गल्लीत नाही.

मी तडक बायजाबाईच्या पडवीशी गेलो आणि डोमाभाऊंच्याच शब्दांत विचारलं, "या गल्लीत लग्न कोणाकडं झालं?"

तिनं मुसळ भिंतीला टेकवलं. "मी काऊन सांगू, सायेब?"

"अहो बाई, तुमचं उखळ जाईल."

"जाऊ द्या. त्या लग्नाचे पोहे मीच कांडले होते. पोटभर जेवली बी होती." तिनं पदरानं तोंड पुसलं. "खाल्ल्या घरचं मी नाई सांगत. ज्याचं त्याले पुसा."

आता विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी माझा गोंधळ कमी होण्याऐवजी वाढला. डोमाभाऊंच्या एकुलत्या मुलीचं, कौसल्येचं लग्न सहा वर्षांपूर्वी झालं होतं. त्यानंतर त्यांनी ओसरी नव्यानं बांधली होती, दगडापासून मोजून. म्हणजे दगड दोन हात सरकला आणि त्याबरोबर यांची ओसरी दोन हात वाढली. ज्याच्या शब्दावर गाव कुंपणं हलवतं, तो माणूस चोर? मला वाईट वाटलं, रागही आला, आणि खोटं कशाला सांगू, मनाच्या एका कोपऱ्यात थोडं बरंही वाटलं. शेवटी माझा नकाशा लोकांना उघडावा लागणार होता.

संध्याकाळी मी त्यांना एवढंच म्हणालो, "डोमाभाऊ, आपल्या गल्लीत लग्नाचं विचारायचं राहून गेलं."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. घरात गेले.

दुसऱ्या दिवशी मी गल्लीत आलो तेव्हा लोक जमलेले होते आणि डोमाभाऊ दारापुढचा दगड उकरत होते. दगड उपटून त्यांनी बाजूला ठेवला. खाली नुसती पिवळी माती. हातभर खोल गेले, मातीच. मग ते आपल्या ओसरीच्या दिशेनं उकरत निघाले. एक हात गेला. दुसरा हात गेला. ओसरीच्या कडेशी सब्बल काळं घेऊन वर आली. त्यांनी खापरीचा एक तुकडा आणि मूठभर कोळसा काढला, आणून माझ्या फळीवर, नकाशाच्या बाजूला ठेवला.

"लिवा सायेब. दगड जागेवर नाई. सहा वर्सं जागेवर नाई. डोमाजीनं सरकवला."

"मुद्दाम?" माझ्या तोंडून निघून गेलं.

त्यांनी जे सांगितलं ते असं. मांडवासाठी दगड काढायची वेळ आली तेव्हा साखळी घरातच खुंटीला होती. पण काम घरचं, म्हणून सरकारच्या साखळीला हात लावायचा नाही. मग नवा अंबाडीचा दोर घेतला. घरामागच्या चिंचेपासून दगडापर्यंत ताणला, दिशा विहिरीच्या कडेवरून धरली, दगडाच्या जागी गाठ मारली. पण लगीनघरात नव्या दोराला कोण सोडतं? व्याह्यांच्या माणसांनी तोच मांडवाला आवळून बांधला. दोन दिवस वाऱ्यावादळात तो ताणत राहिला. मांडव सुटला, दोर हाती आला, त्यांनी गाठीवर दगड रोवला. दोर दोन हात वाढलेला.

साखळी वापरली असती तर काही झालं नसतं. प्रामाणिकपणानं केलं म्हणूनच चुकलं. आणि दोर ताणला की वाढतो, हे मला सांगणारा माणूस तोच.

"पण कोळसा?" मी म्हणालो. "खाली कोळसा आहे का, ते तरी पाहायचं."

"पाह्याचा होता. साऱ्या गावाचा पाहतो. माह्याच दारचा पाह्याचा राह्यला." ते सब्बलीवर दोन्ही हात ठेवून उभे होते. आवाज खाली आला. "पोरगी निघाली होती, सायेब. तिच्या गाडीकडं पाहवत नव्हतं, म्हनून दगड घेऊन बसलो. डोळ्यात पानी होतं. पान्यात कोळसा दिसते का?"

"आणि मग सहा वर्षं?"

"दुसऱ्याच्या गल्लीत पुसावं लागते. आपल्या गल्लीचं काय पुसाचं, आपल्याले ठावूकच आहे, असं वाटे. तुमी दोन बार मोजलं तवा समजलं. अन् मंग चार दिवस भेव वाटलं."

मला त्यांना वाचवायचं होतं. कालपर्यंतचा राग कुठं गेला कोण जाणे. मी हळूच म्हणालो, दगड कोळशावर बसवू, नाली वरच्या कडेनं घेऊ म्हणजे ओसरी नालीसाठीच गेली असं होईल, वहीत लिहायचं काही कारण नाही. डोमाभाऊ माझ्याकडं असे पाहू लागले, जणू मीच काहीतरी चोरलं असावं.

"हरपला दगड बरा, सायेब," ते म्हणाले. "मी तुमाले काय सांगतलं होतं?"

वहीतल्या सहा वर्षांच्या 'जागेवर'वर त्यांनी स्वतः एकेक काट मारली. दगड कोळशावर मला बसवायला लावला, स्वतः हात लावला नाही. कमेटीचा हुकूम यायच्या आधीच दोन दिवसांत आपली ओसरी पाडली. बायजाबाईनं त्या दोन दिवसांत मुसळ उचललं नाही. तिसऱ्या दिवशी पायलीभर पोहे नेऊन तिनं त्यांच्या उंबऱ्यावर ठेवले.

गावानं काय करावं? मला वाटलं होतं, आता यांना कोणी विचारणार नाही. तर झालं उलटंच. लोक पूर्वीपेक्षा जास्त येऊ लागले. मी एका शेतकऱ्याला म्हणालो, अरे, त्यांचा स्वतःचा दगड चुकला होता. तो म्हणाला, "त थे सांगतलं कोनं?" पण डोमाभाऊंनी पुन्हा कधी कुठल्या कुंपणापाशी उभं राहून 'इथी' म्हटलं नाही. कोणी आलं की म्हणायचे, "मले पुसू नोका. खंदून पाहा." त्याच हिवाळ्यात त्यांनी गावातला एकूण एक दगड उकरला, लग्न झालेलं असो वा नसो, आणि प्रत्येकाखालचा कोळसा मला दाखवला. मग ते रिटायर झाले, माझी बदली झाली. स्टेशनावर पोचवायला आले तेव्हा मी पाया पडलो. ते गडबडून गेले. म्हणाले, "सायेब, साखळी कोरडी ठेवत जा."

आमचा जिल्हा तोवर मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला होता. कागदांचे नमुने बदलले, शिक्के बदलले. दोन वर्षांनी एक पोस्टकार्ड आलं, डोमाभाऊ गेले. मी छोट्या गाडीनं तेरवीला गेलो.

जेवणं उरकल्यावर एक बाई माझ्यापाशी आली. कडेवर मूल. "भाऊ, तुमीच थे मोजनीवाले सायेब ना? मी कौसल्या." ती जरा घुटमळली. "एक पुसाचं होतं. बाबानं ओसरी पाडली काऊन? लोक म्हनते, नालीसाठी. बाबाले पुसलं त म्हने, 'कोळसा पाह्याचा राह्यला होता.' याच्यापुढं काई सांगतलंच नाई. मले काई समजलं नाई."

मी तिला सगळं सांगितलं. दोर, गाठ, कोळसा. डोळ्यांतल्या पाण्याचं सांगताना मीच अडखळलो. ते सांगायचा अधिकार मला होता की नव्हता, आजही ठाऊक नाही.

तिनं मूल दुसऱ्या कडेवर घेतलं. मग म्हणाली, "माही गाडी निघाली तवा मी वळून पाह्यलं होतं, भाऊ. सारे रडून राह्यले होते. बाबाची पाठ होती माह्याकडं. दगड रोवून राह्यले होते." तिनं मूल खाली ठेवलं. "सासरी मी साऱ्यायले हेच सांगत आली, आमच्या बाबाले पोरीपेक्षा सरकारचा दगड मोठा. पोरगी गेली तरी मानूस रडला नाई."

मी तिला दारापुढं नेलं. दगड नालीच्या काठाशी, कोळशावर उभा होता. त्या वर्षी चुना कोणी फासला नव्हता. अलीकडं, बायजाबाईच्या बाजूला, जुन्या खड्ड्याची जागा अजून ओळखू येत होती. माती जरा खचलेली, वर दुर्वा माजलेल्या.

"तेव्हा दगड इथं रोवला गेला," मी म्हणालो.

कौसल्या खाली बसली. दगडाला कोपर टेकवून तिनं हात जमिनीवर आडवा टाकला. मधल्या बोटाच्या टोकाशी पुन्हा कोपर ठेवलं, पुन्हा हात टाकला. एक, दोन. मग त्या खचलेल्या मातीवरचा हात तिनं उचललाच नाही.